शेऱ्याचा रकाना

“आणि हे असंच दिसतं तुम्हाला?” बाईंनी पडद्याजवळ वाकून विचारलं.

पंपघराच्या नियंत्रण खोलीत तिघं होते. पंपावरचे काका, सर्व्हर सांभाळणारा प्लगभाऊ आणि मुख्य अभियंता बाई. बाई वर केबिनमध्ये आपल्या लॅपटॉपवर काम करत. खालच्या पडद्यासमोर त्या आज पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या. पडद्यावर पाण्याच्या दाबाचे आकडे स्वच्छ होते. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात मात्र प्रश्नचिन्हांची रांग, आणि तिच्याखाली आणखी एक रांग.

“नवा सर्व्हर बसवला तेव्हापासून,” प्लगभाऊ म्हणाला. “मराठी त्याच्या पचनी पडत नाही, मॅडम.”

“असं होय. म्हणून,” बाई म्हणाल्या. मग सरळ होत, “उद्या माझा इथला शेवटचा दिवस. जाण्याआधी एवढं दुरुस्त करा. जुनंसुद्धा सगळं वाचता आलं पाहिजे.”

त्यांचे रबरी तळव्यांचे बूट आवाज न करता जिना चढून गेले. काकांच्या मिशीने तेवढ्यात मान टाकली.

प्लगभाऊला हे नाव पडलं होतं, कारण कुठल्याही आजारावर त्याचं एकच औषध असे. प्लग काढा, पुन्हा लावा. या वेळी दोष प्लगचा नव्हता. सर्व्हर बसवताना भाषेची ओळ, जिला लोकेल म्हणतात, ती त्याने भरलीच नव्हती. त्यामुळे खालच्या पडद्याला आकडे आणि इंग्रजी यापलीकडे काही ओळखता येत नव्हतं. साठवलेली अक्षरं आत शाबूत होती. पडद्याला ती दाखवायची अक्कल नव्हती, इतकंच. चहा निवायच्या आत होणारं काम.

ते त्याने मुद्दाम लांबवलं होतं. शेरा लिहिल्याशिवाय यंत्र पाळी संपवू देत नसे, आणि लिहिलेलं कुणाच्या बापाला वाचता येत नसे. माकडाच्या हाती कोलीतच मिळालं. काकांनी लिहिलं, बाईंचे सँडल वाजले की टाकीतलं पाणी उलटं वाहतं. प्लगभाऊने लिहिलं, ही खुर्ची बाईंच्या स्वभावाची आहे, टेकलं की टोचते. खालच्या दुसऱ्या रांगेबद्दल काका म्हणत, “यंत्र तोतरं आहे. एकदा बोलून भागत नाही त्याचं.”

पुढे बाईंनी सँडल सोडून बूट धरले. गुडघे दुखत असतील. खुर्चीही नवी आली. जुनी तशीही मोडायला टेकली होती.

सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. एक शेरा सोडून.

प्लगभाऊची आई दवाखान्यात होती आणि पाळीला दुसरा माणूस नव्हता, म्हणून बाईंनी रजा नाकारली होती. त्या रागात त्याने लिहिलं होतं, ‘या बाईला आई नसावीच. आभाळातून पडली असेल.’ दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतःच पंपावर येऊन उभ्या. “जा, आईजवळ बसा. इथलं मी बघते.” आई घरी येईपर्यंत त्याच्या पाळ्या त्यांनीच आपल्या लॅपटॉपवरून ओढल्या. तेव्हापासून तो शेरा आठवला की प्लगभाऊच्या घशाखाली घास उतरत नसे.

“माझं काय, सँडलांचंच तर आहे,” काका म्हणाले. “तुझं कठीण आहे बाबा.”

“तोंड दाखवायला जागा उरणार नाही, काका.”

“मग खरीच प्रश्नचिन्हं करून टाक की. म्हणावं, जुनं हाती लागलं नाही. यंत्र काय साक्षीला येतंय?”

“खोटं बोलू त्यांच्याशी? आईच्या वेळी उभ्या राहिल्या हो त्या.”

“म्हणूनच तर. जाता जाता कशाला डंख मारतोस त्यांना?”

हे पटलं. पटायलाच हवं होतं. आपलंच लिखाण डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून प्लगभाऊने आधी जुने शेरे पुसून त्या जागी खरोखरीची प्रश्नचिन्हं भरली. राखीव प्रतही सोडली नाही. मग भाषेची ओळ बदलली. काकांनी एका बोटाने ‘पाणी’ असं लिहून पाहिलं. अक्षरं धुतल्यासारखी लख्ख उमटली. दोघांपैकी कुणालाच त्याचं कौतुक वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लगभाऊ वर गेला तेव्हा बाई टेबल आवरत होत्या. एका वृद्ध स्त्रीची तसबीर त्यांनी जपून रुमालात गुंडाळली.

“झालं?”

“यापुढचं सगळं मराठीत दिसेल, मॅडम.” प्लगभाऊ फरशीशी बोलत होता. “जुनं मात्र आधीपासूनच खराब होतं. नुसती प्रश्नचिन्हंच साठली होती. वाचवण्यासारखं काही नव्हतंच.”

बाईंनी लॅपटॉप उघडून शेऱ्यांचं पान काढलं. ते वर सरकवलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. मग लॅपटॉप हळूच त्याच्याकडे वळवला.

“माझ्याकडे कालपर्यंत सगळं नीट दिसत होतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून. तुमचे शेरे, आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर. आईच्या शेऱ्याखालचं तेवढं तुम्ही वाचावं, म्हणून तर दुरुस्त करायला सांगितलं होतं.”