तळातली बाटली

बाटली उभी होती. पडलेली नव्हती, फुटलेली नव्हती. कोणीतरी मुद्दाम ठेवावी तशी कातळावर सरळ उभी. शाईची छोटी बाटली, झाकण घट्ट लावलेलं, आत एक नाणं.

तिने कुंचला बाजूला ठेवला. खड्डा आता पुरुषभराहून खोल झाला होता. उत्खननाच्या हंगामाचा शेवटचा दिवस, म्हणून मजूर फावडी धुऊन वर चहाला बसले होते. बाटली न हलवता तिने काचेवरची माती बोटाने पुसली आणि विजेरीच्या उजेडात नाण्यावरचं साल वाचलं. ते तिच्या जन्माआधीचं होतं. पण त्या मातीच्या मानाने कालपरवाचंच.

तिने आपल्या मार्गदर्शक सरांना हाक मारली. ते गुडघा सांभाळत एकेक पायरी शिडीवरून उतरले, वाकले, आणि पालथ्या घमेल्यावर बसले.

कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. खणून झालेला खड्डा बुजवण्याआधी तळाशी आपल्या काळातली एखादी वस्तू ठेवायची, हा त्यांच्या कामातला रिवाज. पुढे कधी कोणी खणत आलं तर त्याला कळावं, की इथवर आम्ही येऊन गेलो, ही वरची माती आमची उलथलेली आहे. गेल्या वर्षी पलीकडचा खड्डा बुजवताना तिने स्वतःच आपला केसांचा गुलाबी चिमटा तळाशी ठेवला होता. पाचशे वर्षांनी या चिमट्यावर कोणीतरी पीएचडी करील, असं सर म्हणाले होते आणि सगळे पोट धरून हसले होते. शाईची बाटली ठेवणाराही असाच हसला असेल. त्याच्या खोदकामाचे कागद कुठे गेले, कोणाला माहीत.

जमिनीचा नियम साधा असतो. खालचं जुनं, वरचं नवं. या टेकाडात खाली काळी खापरं मिळत आणि वर लाल. लाल भांडीवाले आले आणि त्यांनी काळ्या भांडीवाल्यांना हुसकून लावलं, असंच सगळे मानत. फक्त तिच्या खड्ड्यात लाल आणि काळी वरपासून खालपर्यंत एकत्र निघाली. कोणी कोणाला हुसकलं नाही, ते शेजारी राहिले, एकमेकांच्या भांड्यांत जेवले, असं तिने मांडलं होतं. तेवढ्यावर तिचा प्रबंध उभा होता. बसमध्ये, आगगाडीत, एकदा विमानातही, ती त्यातली दोन खापरं मांडीवर घेऊन हिंडली होती. परक्या देशातल्या एका सभागृहात ते वाचून दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतली एक म्हातारी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

माती जरा भुसभुशीत लागते, हे तिला पहिल्याच आठवड्यात जाणवलं होतं. घुशींनी पोखरली असेल, असं ती म्हणाली होती. सरांनीही मान डोलावली होती. आता कळत होतं. लाल आणि काळी एकत्र आली होती ती कोणाच्या तरी फावड्याने.

"आणखी कोणी पाहिलंय?" सरांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी चष्मा काढला आणि ते सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले. या विषयावर त्यांनीही दोन लेख लिहिले होते.

"प्रबंध तुझा आहे," ते शेवटी म्हणाले. "काय लिहायचं ते तू ठरव."

तिने पाटी घेतली आणि खडूने खड्ड्याचा आकडा लिहिला, तारीख लिहिली, खाली 'तळ' असं लिहिलं. बाटलीशेजारी मापाची पट्टी ठेवली. उत्तरेकडे टोक करून बाण ठेवला. बाटलीवर पडलेली आपली सावली बाजूला घेतली आणि फोटो काढला. सर भिंतीकडे बघत होते. कॅमेऱ्याचा आवाज झाला तसे ते उठले आणि शिडी चढू लागले. अर्ध्यावर थांबले, पण मागे वळले नाहीत.

खिशात फोन वाजला. आई होती.

"अगं, मामा आलाय. मी त्याला तुझी ती दोन भांड्यांची गोष्ट सांगत होते, तर हसतोय नुसता. म्हणतो, एका चुलीवर दोन घरं कधी नांदलीत का? घे, तूच सांग त्याला."

मागून मामाचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं. 'बोला, पंडित,' तो म्हणत होता. लहानपणापासून तो तिला याच नावाने हाक मारायचा.

"सांग ना गं."

"रेंज नाहीये आई इथे," ती म्हणाली. "ऐकू येत नाही." आणि आईचा आवाज नीट ऐकू येत असताना तिने फोन बंद केला.

वरून मुकादमाने विचारलं, आता बुजवायचं का? आणि बाई, या वेळी तळाला काय ठेवताय?

तिने पट्टी उचलली, बाण उचलला. बाटली होती तिथेच राहू दिली. मग पिशवीतून पत्र्याची डबी काढली. प्रत्येक भाषणात दाखवायची दोन खापरं तिच्यात कापसात गुंडाळलेली होती. एक लाल, एक काळं. ती तिने बाटलीच्या पायाशी ठेवली. काळं कलंडत होतं, म्हणून त्याला लालचा टेकू दिला. दोन्ही स्थिर झाल्याची खात्री करून ती शिडी चढून वर आली.

"टाका माती," ती म्हणाली.