वाजणारी बोट

बोट वाजत होती.

धक्क्यावरच्या सगळ्यांना ते ऐकू आलं. शिडात वारा भरला, बोट पोटाखालच्या दोन पंखांवर उचलली गेली आणि नेहमीप्रमाणे सगळं शांत व्हायच्या ऐवजी एक बारीक, चिवट गुणगुण सुरू झाली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकत राहावं तशी. या फॉइलच्या, म्हणजे पाण्याखालच्या पंखांच्या, बोटी एकदा पाण्याच्या वर चढल्या की मुक्याने पळतात. वाजली, तर पंखाची मागची कड जाड राहिली असं समजायचं. आणि जाड कड वेग खाते.

"मिस्त्री, म्हातारे झालात," प्रशिक्षक हसत म्हणाला. "उद्या तुमच्या पोरीची निवडीची शर्यत आहे आणि कड घासायची राहिली?"

मिस्त्री हसला नाही. पंख त्यानेच घडवले होते आणि हातचं राखून काम करणं त्याच्या रक्तात नव्हतं. हे प्रशिक्षकालाही माहीत होतं, म्हणून तोही लगेच हसायचा थांबला.

पोरीने बोट गाडीवर चढवून सरळ कारखान्यात आणली. अंगावरचं पाणी निथळत होतं. तिने पुढचा पंख खोलून ओट्यावर ठेवला, मागच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि बापाकडे बघितलं.

"बाबा, हे तू मुद्दाम केलंयस."

"हो."

"उद्या मी शेवटची येईन."

"ये. पण वाजत ये. पाण्यात कुणी असलं तर त्याला कळेल तरी."

कुणी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. गेल्या मोसमात तिचा दादा आपल्या उलटलेल्या बोटीशेजारी पाण्यात होता आणि पोरगी आपल्या बोटीवरून त्याच्याच दिशेने भरधाव आली. तेवढ्या वेगात पंख पात्यासारखा चालतो. त्या दिवसापासून मिस्त्रीने पोलिसांना, नातेवाइकांना, बायकोला, ज्याने विचारलं त्याला आणि न विचारलेल्यालाही एकच गोष्ट सांगितली होती. बोट आवाजच करत नव्हती, पोराला ऐकूच आलं नाही. पोरीचा काही दोष नाही. दोष असलाच तर माझा, कड मीच इतकी बारीक केली. हे सांगून सांगून त्याने पोरीला पुन्हा पाण्यात उतरवलं होतं. याच्याच आधाराने तो स्वतः उठत होता, जेवत होता, कामाला येत होता. पोरीने त्यावर कधी हूं की चूं केलं नव्हतं.

तिने फळीवरचा पॉलिश पेपर घेतला. कडेवर दोन हात मारले आणि थांबली.

"बाबा, दादाला ऐकू आलं होतं."

"काहीतरीच बोलू नकोस."

"शिडाचा आवाज आला असेल. त्याने वळून बघितलं. मला बघून हसला, हात केला."

"मग?"

"त्याला वाटलं, मी बोट वळवेन. मला वाटलं, तो बुडी मारेल. नेहमी मारायचा ना. आमचा खेळच होता तो, कोण आधी घाबरतं बघायचा. वळवली असती तर बोट पंखांवरून खाली बसली असती, वेग गेला असता, बाबा. इतक्या जोरात मी कधीच गेले नव्हते."

मिस्त्रीला रडू आलं नाही. रडण्यासाठी काहीतरी हाताशी उरावं लागतं, आणि हिने एका वाक्यात सगळंच नेलं होतं. तिला एक ठेवून द्यावी असं त्याला वाटलं. तिला पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्ही त्याच क्षणी वाटलं आणि दोन्ही जमलं नाही.

मग त्याने तिच्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला.

"टोक धर," तो म्हणाला.

एवढा पंख एकट्याने घासता येत नाही, हलतो. समोरून कुणीतरी दाबून धरावा लागतो. इतकी वर्षं ते टोक दादा धरायचा. पोरीने दोन्ही हातांनी धरला.

मिस्त्री घासायला लागला. काळी पूड तिच्या ओल्या बोटांवर बसत गेली. कड बारीक झाली, बोट वाजणार नाही इतकी झाली, मग त्याहूनही बारीक झाली. तो घासतच होता, आणि दोघांपैकी कुणीही पुरे म्हणत नव्हतं.