पुलाचं कार्ड

किटलीच्या तोटीतून वाफ यायला लागली तसा पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरनं अल्बम उघडून वाफेवर धरला, आणि थोरली बहीण खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"बस की गं," धाकटी म्हणाली. "ऑपरेशन चाललंय का कुणाचं?"

"मला उभ्यानंच बरं वाटतं."

दोघींनीही सत्तरी ओलांडलेली. अल्बम त्यांच्या आईचा. त्यात रेल्वे कंपनीनं छापलेली सहा जुनी चित्रकार्डं होती, पाठीला खळ लावून पक्की चिकटवलेली. बाइंडरला त्यातलं नदीवरच्या पुलाचं कार्ड हवं होतं. बारा कार्डांच्या संचातली अकरा त्याच्याकडे होती, आणि हे बारावं तो एकोणीस वर्षं शोधत होता. बहिणींना चित्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना मागची बाजू बघायची होती. वडील लांब कुठंतरी रूळ टाकायच्या कामावर गेले ते परत आलेच नाहीत, पण ही कार्डं त्यांनीच पाठवली, असं आई सांगायची. तेव्हा ठरलं ते असं: बाइंडरनं सहाही कार्डं न फाडता सोडवायची, बहिणींनी मजकूर उतरवून घ्यायचा, आणि पूल त्यानं न्यायचा.

"मी तेव्हा आठ महिन्यांची," धाकटी त्याला म्हणाली. "हिनं बाबांना पाहिलं तरी आहे. मला निदान त्यांचं अक्षर बघू दे."

"अक्षरात काय असतं?" थोरली म्हणाली. "मजकूर सगळा पाठ आहे मला. तुलाही शंभरदा सांगितलाय."

"पण तू तरी कुठं वाचलायस?"

"आई सांगायची ना. मी शाळेतून येईस्तोवर तिनं कार्ड चिकटवलेलं असायचं."

बाइंडरचं लक्ष कोपऱ्याकडे होतं. खळ पुरती भिजली की कोपरा आपणहून सुटतो. त्याआधी घाई केली तर वरचे रंग जातात. कोपरा सुटला. त्यानं पातळ पातं आत सरकवलं, थांबला, पुन्हा सरकवलं. सबंध पूल त्याच्या तळहातावर आला. त्यानं तो उलटा केला.

टपालाचं तिकीट नव्हतं, शिक्का नव्हता, पत्ता नव्हता. खळीचे चार डाग तेवढे होते.

"कोरं आहे," तो हळूच म्हणाला. त्याला हसू आवरेना. त्याच्याकडची अकराच्या अकरा कार्डं गिचमीड लिहिलेली आणि शिक्क्यांनी काळी झालेली होती. "अगदी कोरं. ताई, असं कार्ड मी जन्मात पाहिलं नव्हतं. इतकं स्वच्छ..."

मग त्याचं लक्ष धाकटीच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याचं हसू मावळलं.

धाकटीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "वाफेनं शाई गेली असेल."

"डाग तरी राहतो, ताई."

"आणि शिक्का?"

"तोही राहतो."

"मग ही आमच्या घरात आली कुठून?" थोरलीनं विचारलं.

बाइंडरला हे ठाऊक होतं. न विचारता त्यानं सांगितलं नसतं. "ही कार्डं विकत मिळायची नाहीत. कंपनी ती गाडीतल्या जेवणाच्या डब्यात ठेवायची. टेबलाटेबलावर, प्रवाशांसाठी."

धाकटीनं किटलीखालचा गॅस बंद केला.

"आई लाँड्रीत होती," थोरली म्हणाली. "कंपनीच्याच. जेवणाच्या डब्यातल्या टेबलांवरची कापडं धुवायची. गाठोडीच्या गाठोडी यायची तिच्याकडे."

धाकटी तिच्याकडे वळली. "म्हणजे बाबांनी एक ओळ लिहिली नाही. आणि तू जन्मभर मला घोकून दाखवतेस."

थोरलीनं कार्ड हातात घेऊन चित्राची बाजू वर केली.

"'मोठीला सांग, या पुलावर गाडी इतकी सावकाश जाते की खालच्या नावाड्याशी गप्पा होतात,'" ती म्हणाली. जरा थांबली. "'धाकटी पाऊल टाकायला लागली का, ते कळव. पडली तर लगेच उचलू नकोस. तिची तिला उठू दे.'"

"हे शेवटचं कधी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"होतं का पण?"

"सगळ्यांत असायचं. आधी मला एक वाक्य, की मग सगळं तुझंच. मला राग यायचा. म्हणून तुझं तेवढं गाळायचे मी."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. रागावावं की काय करावं, तिला समजेना. मग तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि बहिणीच्या हातात दिलं.

"लिही. गाळू नकोस काही. इथंच लिही, मागं."

थोरलीनं बाइंडरकडे पाहिलं. "हे कार्ड तुम्ही न्यायचं ठरलंय, ठाऊक आहे मला. पण एवढं लिहू द्या. मग खुशाल न्या."

तिनं कार्ड उलटं केलं. पेनचं टोक कागदावर टेकणार, तोच बाइंडर म्हणाला, "थांबा."

दोघी थांबल्या. त्यानं कार्ड त्यांच्याकडून घेतलं. क्षणभर ते दोन्ही हातांत धरून ठेवलं. मग टीपकागदांच्या घडीत ठेवलं आणि वरून तळवा दाबला.

"ओल्या कागदावर शाई फुटते, ताई. दहा मिनिटं वाळू दे."

अल्बमचं पुढचं पान उलटून त्यानं खुर्ची जवळ ओढली. त्या पानावर एका बोगद्याचं चित्र होतं.

"तोवर हे सांगा," तो म्हणाला. "बोगद्याच्या मागं काय होतं?"