झाकायचं राहिलं ते

हरेश्वर वर्गात शिरला तो चपला न काढताच. मागून त्याची आई भागुबाई, तिच्यामागे कोळीवाड्यातली सात-आठ माणसं. जागृतीबाईंनी खडू खाली ठेवला.

"ही बोट कोनाची?" त्याने मोबाइल बाईंच्या नाकासमोर धरला.

व्हिडिओ बाईंचाच होता. किनाऱ्यावर गणिताचा तास. चौदा मुलं वाळूत बसून टोपलीतली पापलेटं मोजत होती. बाई तळा या तालुक्याच्या गावी जाऊन ऑनलाइन सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक मुलाच्या तोंडावर त्यांनी पिवळा हसरा गोळा चिकटवला होता. गणवेशावरचं शाळेचं नाव पुसट केलं होतं. सगळं नियमाप्रमाणे. वाळूत टेकवलेल्या फळ्यावर तारीखही नियमाप्रमाणे लिहिली होती, ८ जुलै.

मुलांच्या मागे मासळी उतरवणारी बोट मात्र लख्ख दिसत होती. नंबरासकट.

पावसाळ्यात इंजिनाची बोट दर्यात न्यायला बंदी असते. हे गावात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्या दिवसांत कोणी कोणाच्या बोटीकडे बघत नाही.

"सकाळी खात्याचा फोन आला," हरेश्वर म्हणाला. "दुपारी येतात. बोट जप्त करनार."

"मी लगेच काढून टाकला हो व्हिडिओ."

"मंग माज्या मोबाइलात काय तुजा बाप नाचतोय?"

याचं उत्तर सोपं होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. बाईंनी व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. केंद्रप्रमुखांनी तो 'अनुकरणीय उपक्रम' म्हणून तालुक्याला पाठवला, तालुक्याने जिल्ह्याला. जिल्ह्यातल्या एका मास्तरांचा मेहुणा मत्स्य खात्यात होता. त्यालाही उपक्रम आवडला.

"पोरांची तोंडं झाकलीस," भागुबाई पुढे आली. "शालेचं नाव झाकलंस. बोटीवर एक गोला लावायला काय झालेलं गो तुला? बोट काय तुजी सवत हाय?"

"प्रशिक्षणात बोटींचं काही नव्हतं, आजी."

"हिला दर्यात ढकला आधी," मागून कोणीतरी सुचवलं. "प्रशिक्षन होईल."

कोणी हसलं नाही. सूचना बहुतेकांना पटलेली दिसली.

"बोट गेली ना," हरेश्वर म्हणाला, "तर सोमवारपासून एक पोर हितं येनार न्हाय. मंग मोज बाकं."

बाईंनी बाकांकडे पाहिलं. मुलं हाताची घडी घालून बसली होती. इतकी शिस्त त्यांना वर्षभरात जमली नव्हती.

"आता लाव," हरेश्वरने मोबाइल पुन्हा पुढे केला. "माज्या देखत लाव गोला."

"आता लावून काय उपयोग, भाऊ? तो कुठे कुठे गेलाय, मलाही माहीत नाही. एकदा हातातून सुटला की सुटला."

हरेश्वर व्हिडिओकडे बघत राहिला. चौदा गोळे त्याच्याकडे बघून हसत होते.

"ह्यात आमची भाविका कुठली?"

"डावीकडून तिसरी."

त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. तिसऱ्या बाकावर बसलेल्या भाविकाकडे एकदा बघून घेतलं.

"सख्खा बाप मी. मला वळखू येत न्हाय."

"त्यासाठीच तर लावतात," बाई म्हणाल्या. प्रशिक्षणाचं कोणीतरी पहिल्यांदाच कौतुक करत होतं.

हरेश्वर कपाटाजवळ गेला. भिंतीवर सुविचार रंगवून उरलेला पिवळ्या रंगाचा डबा तिथे होता. तो त्याने उचलला, ब्रश उचलला. बाईंना विचारलं नाही. दारातून मात्र वळून म्हणाला, "डोले कशानं काढलेस? काल्यानं?"

"काळ्याने," बाई म्हणाल्या.

त्याने काळा डबाही घेतला. माणसं त्याच्यामागे निघून गेली. भागुबाई जाता जाता उंबऱ्यावर थुंकली.

दुपारी खात्याचे साहेब हातात नंबराचा कागद घेऊन जीपमधून उतरले. किनाऱ्यावर बारा बोटी ओढून ठेवल्या होत्या.

त्यातली एकच हसत होती.