न सुटलेला उपास

चर्चमागच्या खोलीत समुपदेशक शीलाताईंनी मऊ भाताची वाटी पुढे सरकवली. ईस्टरला सोडायचा चाळीस दिवसांचा उपास सुवार्ताने ईस्टर होऊन गेला, तरी सोडला नव्हता. हाडं वर आली होती.

"देव नको म्हणतो, ताई. कानाशी येऊन सांगतो."

"बरं. याईराची मेलेली लेक प्रभू येशूने जिवंत उठवली, तेव्हा लगेच काय सांगितलं गं?"

बायबलातलं ते वचन सुवार्ताला पाठ होतं. "हिला खायला द्या."

"तुझ्या कानाशी येणारा तो कधी म्हणाला असं?"

सुवार्ताच्या अंगावर काटा आला. तिने घास उचलला. मागे नुसती भिंत होती, तरी मानेला गार श्वास लागला.

"नको ना, बाई..." इतके दिवस हुकूम सोडणारा आवाज पहिल्यांदाच गयावया करू लागला.

सुवार्ताने डोळे मिटून घास गिळला.