नवी फट

पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या शाळेत, विज्ञान प्रदर्शनात अलकाने बरणीवरचा काळा कागद उचलला आणि तिला हसूच फुटलं. कागदाला जिथे फट ठेवली होती, नेमके तिथेच सगळे युग्लीना, शेपटीने पोहणारे ते हिरवे सूक्ष्म जीव, काचेला चिकटले होते. हिरवागार पट्टा. बाकी बरणीत नुसतं पाणी.

बाबांनी सकाळीच बजावलं होतं, साहेबांसमोर दत्ताकाकांशी फार बोलत बसू नकोस, माझ्या प्रमोशनचं घाटतंय. दत्ताकाका शेजारच्या क्वार्टरमधले, गेल्या महिन्यापर्यंत बाबांचे विभागप्रमुख. तेव्हा त्यांच्या व्हरांड्यात चपला काढायला जागा नसायची, आणि पहिली चप्पल बाबांची. काकांची खुर्ची गेली, नवे साहेब आले, आणि चपलांनी झटक्यात गल्ली बदलली.

काका आलेच. पाणी त्यांच्याच बागेतल्या टाक्यातलं, फटीची युक्तीही त्यांचीच, न येऊन कसं चालेल? ते टेबलापाशी उभे राहिले तशी आजूबाजूची माणसं हळूच पांगली.

मग बक्षिसं ठरवायला आलेले साहेब दारातून शिरले. हॉलभर विखुरलेले यच्चयावत बाप असे तिकडे सरकले, की अलकाला वाटलं, यांनाही शेपटी फुटली असणार. सगळ्यांत पुढे बाबा. साहेबांच्या चहाचा कपसुद्धा त्यांच्याच हातात.

घोळका टेबलाशी आला. साहेबांनी कौतुकाने विचारलं, हे सगळं कुणी शिकवलं? बाबांनी अलकाला तोंडच उघडू दिलं नाही.

"घर पे ही, सर. मैं ही थोड़ा-बहुत बता देता हूँ."

काका बरणीकडे बघत राहिले. अलकाचे कान तापले. बक्षीस गेलं खड्ड्यात.

"दत्ताकाका ने सिखाया, सर. ये खड़े हैं."

साहेबांनी काकांकडे एकदा पाहिलं न पाहिलं आणि पुन्हा बरणीत डोकावले. "दिमाग़ होता है इनमें?"

"नहीं, सर." ती बोलत होती साहेबांशी, बघत होती बाबांकडे. "बस एक लाल बिंदी होती है. उजाला किधर है, उतना समझ जाते हैं."

साहेब हसून पुढच्या टेबलाकडे वळले. घोळका वळला. बाबा क्षणभर मागे राहिले, काकांकडे बघून त्यांनी काहीतरी बोलायला तोंडही उघडलं. तेवढ्यात साहेबांचा हात चहासाठी पुढे आला. बाबा गेले.

काकांनी कागद पुन्हा बरणीभोवती नीट गुंडाळला, या वेळी फट दुसऱ्या बाजूला करून.

"एका पेशीचा जीव गं तो," ते म्हणाले. "उजेडावर पोट त्याचं. त्याचा राग धरू नये."

"त्याचा नाही धरत, काका."

अलकाने वाकून नव्या फटीला डोळा लावला. तिथे अजून नुसतं पाणी होतं. पण येतील. जरा वेळ लागतो, एवढंच.