गाडीत तेल नसल्याबाबत

मोटारसायकलचं इंजिन चढावर जाम झालं. कायमचं. पण घरात हे कोणी कोणाला अधिकृतपणे कळवलेलं नाही, म्हणून ते झालेलं नाही. आत्ता गाडी अंगणात स्टँडवर उभी आहे, धडधाकट, आणि थोरला उकिडवा बसून तिच्या पोटाखालचा नट सोडतोय.

गाडी दोघा भावांची. सकाळी धाकटा तिच्यावरून पार्सलं पोचवतो, दुपारनंतर थोरला लोकांचे वीजमीटर वाचत फिरतो. घरातली चूल या एका इंजिनावर पेटते. म्हणून तेल कधी बदलायचं हा प्रश्न दोघांच्याही जिव्हाळ्याचा. थोरल्याचं म्हणणं, तेल जरा काळवंडलं की बदला. धाकट्याचं म्हणणं, गाडी कुरकुरली की बदला, तोवर तिच्या पोटात बोटं घालू नका. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत तिसरंच काहीतरी होतं, म्हणून दोघांनी मिळून ती पुस्तिका हरवली. त्यानंतर त्यांनी मिळून काही केलेलं नाही. बोलणं तर बंदच. जे काय असेल ते आईमार्फत.

आई निवृत्त कारकून. नोकरीभर आवक-जावकच्या टेबलावर बसली. निरोप आला की पुढे द्यायचा, त्यात पदरचं काही घालायचं नाही, आणि आपण सांगेपर्यंत तो कोणाला कळला असं धरायचं नाही, हे नियम तिनंच घालून दिले. सुरुवातीला तिला मजा वाटली होती.

आज थोरल्यानं नेमकी धाकट्याच्या निघायची वेळ गाठून तेल उतरवलं. काळं तेल जुन्या पातेल्यात शेवटच्या थेंबापर्यंत गळू दिलं. नट परत घट्ट बसवला, वर फडक्यानं पुसलासुद्धा. दुष्टपणातही त्याचं काम चोख. मग नव्या तेलाचा डबा आणायला तो स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच रेंगाळला. थांबू दे लाडक्याला जरा.

लाडका थांबला नाही. हेल्मेट घालून, पार्सलांची पिशवी पाठीला लावून बाहेर आला आणि गाडीवर बसला.

थोरला खिडकीत आला. हातात सील न तोडलेला डबा. तो नुसता उंच करून दाखवला असता तरी भागलं असतं. पण हातवारे बोलण्यातच धरायचे, असं मागे दोघांनी आईमार्फत ठरवून घेतलं होतं.

"आई!" तो बाथरूमच्या दाराकडे तोंड करून ओरडला. "तुझ्या लाडक्याला सांग, गाडीत तेल नाहीये! थेंबसुद्धा!"

"डोक्याला साबण आहे," आतून आवाज आला. "आल्यावर सांगते."

खिडकी आणि गाडी यांच्यात अंतर म्हणाल तर हात लांब करून कान पिळता येईल एवढं. धाकट्यानं शब्द न् शब्द ऐकला. खाली पातेल्याकडे पाहिलं. काळ्याभोर तेलात त्याला त्याचंच हेल्मेट दिसलं. मग तोही बाथरूमच्या दिशेनं ओरडला, "आई! तुझ्या मोठ्याला सांग, मला अजून काही कळलेलं नाही!"

"तुझा नंबर त्याच्यानंतर!"

धाकट्यानं किक मारली. पण निघाला नाही. गाडी चालू ठेवून, खिडकीकडे पाठ करून बसून राहिला. मागून नुसतं 'अरे' जरी आलं असतं तरी तो उतरला असता.

थोरला डबा पोटाशी धरून उभा. समोरून नुसतं 'काय रे दादा' जरी आलं असतं तरी तो धावला असता. त्याचा उजवा पाय तर निघालाही होता, डाव्यानं हरकत घेतली.

गाडी गेली. गल्ली संपेपर्यंत आवाज ठीक होता. मग तो खलबत्त्यात खडे कुटल्यासारखा यायला लागला. पुढे चढावर काय झालं ते वर आलंच आहे, म्हणजे झालेलं नाही.

आई डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. रिकाम्या अंगणासमोर उभी राहिली आणि नियमाप्रमाणे, एकही शब्द न गाळता म्हणाली, "गाडीत तेल नाहीये. थेंबसुद्धा." मग खिडकीकडे वळली. "त्याला अजून काही कळलेलं नाही."

थोड्या वेळानं धाकटा गाडी घेऊन परत आला. येताना उतार होता, त्यामुळे गाडी अगदी चालू असल्यासारखी आली. पार्सलं तशीच पाठीला.

"आई, तुझ्या मोठ्याला सांग, निरोप वेळेत मिळाला नाही."

"आई, तुझ्या लाडक्याला सांग, निरोप वेळेत दिला होता. उशीर मधल्या खात्यात झाला."

"तेच म्हणतोय मी. सांग त्याला."

कधी नव्हे ते दोघांचं एकमत झालं. दोघंही आईकडे बघायला लागले.

आईनं इंजिनाला हात लावून पाहिला. चटका बसला तसा मागे घेतला. मग दोघांच्या बरोबर मधे येऊन, केसांतून पाणी ठिबकत असताना, तिनं आपला जुना टेबलावरचा आवाज काढला.

"उभय चिरंजीवांस कळवण्यात येते की, मधल्या माणसाच्या जागेचा मी राजीनामा देत आहे. नियमाप्रमाणे तो दोघांनी समोरासमोर बसून, एकमेकांशी बोलून मंजूर करायचा आहे. तरी कृपया आजच मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."